मदत हवी आहे: केस घेताना रुग्णाला बोलतं कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

बीएचएमएस (होमिओपॅथीची पदवी) झाल्यावर मालवणजवळच्या एका गावात सरांच्या दवाखान्यात बसते. केस घेणं, म्हणजे रुग्णाला सगळं विचारून लिहून घेणं, माझ्याकडे आहे. सरांकडे माणसं भरभरून बोलतात, माझ्यासमोर गप्प होतात.

होमिओपॅथीचा जनक हानेमानने त्याच्या 'ऑर्गनॉन' या ग्रंथाच्या ८४व्या सूत्रात सांगितलंय की रुग्ण बोलत असताना त्याला मध्येच तोडू नये, आणि ८७व्यात, नुसतं हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न विचारू नये. पण इथे माणूस "गुडघो दुखता" म्हणतो आणि थांबतो. मग मलाच विचारावं लागतं आणि प्रत्येक प्रश्नाला "होय" येतं.

परवा मासे विकणाऱ्या एक मावशी खांदा धरून आल्या. थंडीने वाढतं? "होय." उकाड्याने? "होय." शेवटी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, मावशी, पहाटे उठल्यापासून काय काय करता ते सांगा. तेव्हा कळलं, पाटी उचलताना हात वरच जात नाही. बाजारात बसून मासे कापायला लागल्या की हळूहळू सुटतो. दुपारी घरी जरा टेकल्या की पुन्हा आखडतो. पहिल्या हालचालीला दुखणं आणि हलत राहिलं की सैल होणं ही ऱ्हस टॉक्स या औषधाची खूण. ब्रायोनिया या दुसऱ्या औषधात नेमकं उलटं, जरा हललं तरी दुखणं वाढतं. त्यांच्या "होय होय"मधून हे कधीच कळलं नसतं. पण बाकीच्यांना असा वेळ कुठे, त्यांना एसटी गाठायची असते.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. सुनेला पाळीबद्दल विचारावं तर उत्तर शेजारी बसलेल्या सासूबाई देतात. त्यांना न दुखावता बाहेर कसं बसवायचं?

लावणीच्या दिवसांतल्या तापाला मात्र मी एवढं खोलात शिरत नाही. चिखलात उतरला होता का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झालेत का, लघवी कमी झालीय का, एवढं विचारते आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा गंभीर ताप) शंका आली की थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवते. त्यात वेळ घालवणं मला पटत नाही.

जुन्या दुखण्यांसाठी तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? ऐकता ऐकताच लिहिता की नंतर? माझं पेन चाललं की समोरचा बोलायचा थांबतो. प्रत्यक्ष वापरता ती वाक्यंच लिहा, मालवणीत असतील तर फारच बरं.