मिनीडीव्ही टेप : एलपीमधल्या कॅसेटला आडवे पट्टे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लग्नाच्या जुन्या मिनीडीव्ही (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल) कॅसेट दुसऱ्या एका कॅमेऱ्यावर चालवून संगणकावर घेणं चालू आहे. जोडणी फायरवायरचीच (कॅमेऱ्यातून संगणकात डिजिटल चित्रण नेणारी केबल), ४ पिन ते ६ पिन. तासाला साधारण १३ जीबी भरतात, तिथपर्यंत सगळं सुरळीत.

एसपी मोडमधल्या (नेहमीच्या वेगाने भरलेल्या) कॅसेट स्वच्छ चालतात. एलपीमध्ये (टेप हळू फिरवून जास्त वेळ बसवणारा मोड) भरलेल्या दोन कॅसेटना मात्र चित्रात एकाआड एक आडवे पट्टे गोठतात, मध्येच चौकोन फुटतात आणि आवाज तुटतो. एक हेड (टेप वाचणारा भाग) घाण झालं की नेमके असेच पट्टे दिसतात, म्हणून कोरडी क्लीनिंग कॅसेट १० सेकंद, दोनदाच चालवली (जास्त घासलं तर हेड झिजतं). फरक शून्य. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळूनही पाहिली.

एलपीत ट्रॅकची (टेपवर चित्र साठवणाऱ्या तिरक्या रेघेची) रुंदी १० ऐवजी ६.७ मायक्रॉन, त्यामुळे मूळ कॅमेऱ्याची अलाइनमेंट (हेड आणि टेपची जुळणी) जराशी वेगळी असली तरी दुसऱ्या कॅमेऱ्यावर वाचन चुकतं, असा अंदाज आहे. मूळ कॅमेरा आता नाही.

टेप गाइडचे (टेपला योग्य वाटेवर ठेवणाऱ्या खुंट्यांचे) स्क्रू किंचित फिरवून कुणी अशी कॅसेट वाचली आहे का? की एलपी नीट वाचणारा दुसरा कॅमेरा शोधावा? मॉडेल सांगाल तर फार उपकार होतील. टेपवरचं एकमेव चित्रण आहे.