मदत हवी आहे: एसीच्या फ्लॅपची मोटर बदलताना स्थिती कशी जुळवायची?

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. एसी साधा नॉबवाला, पण आतली हवा/बाहेरची हवा बदलायला बटण आहे, केबल नाही. फ्लॅप आतल्या हवेवरच अडकला होता. रत्नागिरीहून आंबा घाटातून वरचेवर कोल्हापूरला जावं लागतं. पावसात काच आतून इतकी धुरकटते की वळणावर समोरचं दिसत नाही, भीती वाटते. एसी लावूनही पुरती साफ होत नाही.

फ्यूज ठीक, बटणाचा दिवा लागतो. ग्लोव्ह बॉक्स काढून पाहिलं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर होता (आमच्याकडची खारी हवा!), तो साफ केला. बटण दाबलं की मीटरवर १२ व्होल्ट येतात, मोटर नुसती टकटक करते. मोटर सोडवली तर फ्लॅप हाताने सहज फिरतो, म्हणजे मोटरमधला प्लास्टिकचा गिअरच गेला असणार. सध्या फ्लॅप चिकटपट्टीने बाहेरच्या हवेवर ठेवलाय, पण रस्त्याच्या कामाची सगळी धूळ आत येते.

नवी मोटर मागवली आहे. पाच पिनांची आहे. आधी कनेक्टर लावून एका टोकाला फिरवून घ्यायची आणि मग स्क्रू मारायचे, की कशीही बसवली तरी ती स्वतः टोकं शोधते? बॅटरी काढून लावावी लागते का?