झूमच्या आकड्याआधी उजेड पाहावा
पक्षीनिरीक्षणासाठी निकॉनच्या पी९५० कॅमेऱ्यापेक्षा पी१००० घ्यावा, कारण ८३ पटींपेक्षा १२५ पट झूम केव्हाही सरस, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर (उजेड टिपून चित्र बनवणारा भाग) तितकाच लहान, म्हणजे १/२.३ इंची आहे. मात्र पूर्ण झूमवर, म्हणजे २००० मिलीमीटरच्या पोहोचीला, पी९५० च्या भिंगाचे उजेड आत घेणारे छिद्र एफ/६.५ असते (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान), तर पी१००० चे ३००० मिलीमीटरला एफ/८ पर्यंत आकसते. सह्याद्रीतल्या दाट झाडीत, पहाटे किंवा पावसाळ्यात, जेव्हा पक्षी खरोखर दिसतात, तेव्हा अशा छिद्रातून पुरेसा उजेड येत नाही, आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवावा लागतो आणि पिसांचे बारकावे पुसले जातात. चंद्र किंवा उन्हात बसलेला पाणपक्षी टिपायचा असेल तर गोष्ट वेगळी. सोनी आरएक्स१० मार्क ४ या कॅमेऱ्याची पोहोच ६०० मिलीमीटरपर्यंतच असली, तरी त्याचा एक इंची सेन्सर क्षेत्रफळाने सुमारे चौपट असून तिथेही छिद्र एफ/४ राहते, त्यामुळे जंगलासाठी माझे मत त्यालाच. किंमत मात्र बरीच जास्त आहे.

कॅमेऱ्याची खरेदी दुकानातूनच करावी, असेही सुचवले जाते; त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पैसे देण्यापूर्वी खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का, हे अवश्य पाहावे, कारण आयात मालावर हा तपशील असणे कायद्याने बंधनकारक आहे. तो नसेल, तर भारतातील वॉरंटी मिळेल असे गृहीत धरू नये.