गाडी पाणी खातेय? गळती कशी सापडली, ते लिहा

गाडीखाली थेंब दिसत नाही, तरी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली दर आठवड्याला खाली जाते. मिस्त्री "पाणी खातेय" म्हणतो, भर घालतो आणि बोनेट लावतो. पण कूलंटचा फेरा बंद असतो. पातळी उतरतेय म्हणजे ते बाहेर तरी पडतंय, नाहीतर सिलिंडरमध्ये शिरतंय. नुसतं पाणी ओतत राहिलं तर एखाद्या घाटात इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) वाकतं आणि खर्च कुठल्या कुठे जातो. म्हणून तुमचे अनुभव हवेत. कोणता पार्ट बदलला एवढंच नको, तो सापडला कसा ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. माझ्या गाडीचा वॉटर पंप गेला होता. त्याच्या अंगावर एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, यासाठी ते ठेवलेलं असतं. इंजिन गरम असताना थेंब तिथल्या तिथे सुकतो, म्हणून फरशी कोरडी! सकाळी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहिलं, तर भोकाखाली गुलाबी खरपुडी जमली होती, मिठासारखी. कूलंट उडून जातं, पण डाग मागे राहतो. पंप टायमिंग बेल्टमागे असल्याने बेल्टही त्याच वेळी बदलून घेतला, कारण मजुरी तीच.

सांगलीहून
मला थेट रेडिएटर बदलायला सांगितलं होतं. दुसऱ्या मिस्त्रींनी आधी प्रेशर टेस्टर लावला. इंजिन पूर्ण थंड, झाकणाच्या जागी हातपंप, आणि झाकणावर छापलेला असतो तेवढाच दाब, माझ्या गाडीला १.१ बार. काटा हळूहळू उतरू लागला, आणि खालच्या होजच्या क्लिपपाशी एक थेंब फुगून आला. होज आणि क्लिप बदलली, रेडिएटर आजही तोच आहे. चालू इंजिनात जे दिसत नाही ते इथे डोळ्यांसमोर येतं. ही चाचणी झाल्याशिवाय कुणालाही रेडिएटरला हात लावू देऊ नका.

रत्नागिरीहून
आमची गळती गाडीच्या आत होती. पावसाळ्यात काचेवर धुकं धरायचं, पुसलं की चिकट तेलकट थर, आणि गोडसर वास. डावीकडची मॅट ओली. सगळे म्हणाले एसीचं पाणी. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. पांढरा टिश्यू दाबून धरला तर हिरवट डाग उठला. हीटरचा कोअर, म्हणजे गरम कूलंट फिरणारी डॅशबोर्डमागची जाळी, फुटला होता. पार्टपेक्षा डॅशबोर्ड उतरवायची मजुरी जास्त लागली.

नागपूरहून
फक्त रेडिएटरचं झाकण! रबर कडक झाल्याने ते दाब धरत नव्हतं. दाब धरला तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं, दाब सुटला की १०० लाच. आधी स्वस्तातली वस्तू तपासा.

नाशिकहून
कसारा घाट चढताना हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, आणि तापमानाचा काटा चक्क खाली आला. वडील म्हणाले, लगेच थांबव. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो, हे त्यांना ट्रक चालवून माहीत. त्यांच्यामुळे इंजिन वाचलं. बाहेर कुठेच गळती नव्हती. पण रात्रभर उभी गाडी सुरू करताच वरचा होज टणक व्हायचा. थंड इंजिनात एवढा दाब येईल कुठून? सिलिंडरमधला वायू पाण्यात मिसळत होता. अशा वायूने रंग बदलणाऱ्या निळ्या द्रवाची नळी टाकीच्या तोंडावर धरली, तो पिवळा झाला. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं होतं. नवीन टाकण्यापूर्वी हेडची सपाटी तपासून लेथवर फेसिंग करून (घासून सपाट करून) घेतलं.

कोल्हापूरहून
काम झालं की फरशीवर सांडलेलं कूलंट लगेच धुवा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. गॅरेजवाल्यांनाही हे आवर्जून सांगा.