‘शांत’ या एका शब्दावर किती ओझे टाकायचे?

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता:
गणेशोत्सव जवळ आला की आमच्या रस्त्यावर दोन फलक शेजारी शेजारी दिसतात. एकावर ‘शांतता क्षेत्र, हॉर्न वाजवू नये’ असे असते आणि दुसऱ्यावर शांतता समितीच्या बैठकीची वेळ. पहिली शांतता आवाज न करण्याची, म्हणजे इंग्रजीतली ‘सायलेन्स’; दुसरी भांडण न होण्याची, म्हणजे ‘पीस’. आपल्याला मात्र दोन्हीकडे एकच शब्द पुरतो.

मी पोटासाठी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो. गेल्या आठवड्यात तळ्याकाठच्या पहाटेचा एक परिच्छेद हाती आला. त्यात पाणी ‘स्टिल’ होते, हवा ‘काम’, घर ‘क्वाएट’, आकाश ‘सिरीन’ आणि त्या घरातली म्हातारी ‘प्लॅसिड’. पहिल्या खर्ड्यात मी पाचही ठिकाणी ‘शांत’ लिहिले आणि परत वाचताना ओशाळलो. (‘काम’ देवनागरीत लिहिला की आपल्याकडे त्याचा अर्थ नेमका उलटा होतो, ही वेगळीच गंमत.) इंग्रजीत या शब्दांच्या हद्दी आखलेल्या आहेत. हालचाल नाही ते ‘स्टिल’, आवाज बेताचा ते ‘क्वाएट’, आवाजच नाही ते ‘सायलेंट’, खळबळीला कारण असूनही जे खवळत नाही ते ‘काम’. ‘सिरीन’चा लॅटिनमधला मूळ अर्थ निरभ्र असा आहे, आणि ‘प्लॅसिड’ म्हणजे मुळातच सहसा न ढवळला जाणारा स्वभाव, ज्यात थोडी मंदपणाचीही छटा असते. मराठी या बाबतीत तोकडी आहे, असे माझे मत झाले आहे.

घाटावरचा मास्तर (वाई):
मत साफ अमान्य. तोकडी भाषा नाही, तोकडा आहे तो आपला पहिला खर्डा. पाणी निश्चल असते, वारा पडतो, घर निवांत असते आणि आकाश निवळते. यांपैकी एकही शब्द कोशातून उकरून काढावा लागत नाही.

आवाज नसण्याच्या छटा पाहायच्या असतील तर कोणत्याही शाळेत यावे. मधल्या सुट्टीनंतर मी दारात उभा राहतो तेव्हा वर्ग चिडीचूप होतो, कारण क्षणापूर्वी तिथे गोंधळ होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याच वर्गात शुकशुकाट असतो, कारण जिथे माणसे असायला हवीत तिथे ती नाहीत. रात्री आवारात सामसूम असते. रागावल्यावर जो मुलगा उलट न बोलता वही काढतो तो निमूट, आणि ज्याच्या घरी काहीतरी घडले आहे तो गुमसुम. या पाचांना इंग्रजीत ‘क्वाएट’पलीकडे काय देणार, ते आपणच सांगावे.

कृष्णाकाठ:
मास्तर, यादी मान्य आहे, पण तिने माझीच बाजू भक्कम केली. चिडीचूप, शुकशुकाट, सामसूम, गुमसुम यांतल्या प्रत्येक शब्दात भीती आहे, दुःख आहे किंवा कोणाचे तरी नसणे आहे. आवाज नसणे ही हवीहवीशी गोष्ट आहे, असे सांगणारा रोजचा शब्द आपल्याकडे कुठे आहे? राहता राहिला ‘निवांत’, आणि तो तर सवडीचा शब्द होऊन बसला आहे. ‘रविवारी निवांत भेटू’ असे म्हणणारा तीन तास मोठमोठ्याने बोलणार असतो.

माणकाठ (आटपाडी):
‘निवांत’ला इतक्या लवकर मोडीत काढू नये, अशी विनंती. त्याचा संबंध संस्कृत ‘निवात’शी, म्हणजे वारा नसण्याशी जोडला जातो. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आवरलेल्या चित्ताला निवात जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा आहे, आणि त्या दिव्याचे लक्षण एकच सांगितले आहे, ते म्हणजे तो हलत नाही. हवेवरून मनाकडे जाण्याची वाट आपल्याकडेही जुनीच आहे.

उलट आपल्या त्या ‘काम’ शब्दाची कुळी पाहिली तर मौज वाटते. त्याचे मूळ कोशकार ग्रीक ‘कौमा’पर्यंत नेतात, आणि त्याचा अर्थ उष्णता, ताप. भर दुपारी उन्हामुळे सगळे थांबते, माणसे सावलीला जातात, त्या विसाव्यावरून तो शब्द लॅटिन आणि इटालियनमार्गे समुद्राच्या नि वाऱ्याच्या थांबण्यापर्यंत गेला. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्याकडची वैशाखातली दुपार डोळ्यांसमोर आली. शेळ्या बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत एकमेकींना खेटून उभ्या असतात, रस्त्यावर कुत्रे नसते, झाडाचे पान हलत नाही आणि ऊन टळेपर्यंत कोणी कोणाला हाक मारत नाही. त्या वेळेला आम्ही ‘रणरणती दुपार’ म्हणतो. इंग्रजीने त्यातला थांबा उचलला, आम्ही ऊन उचलले. यात कोणती भाषा श्रीमंत आणि कोणती गरीब हे ठरवायचे कशाने?

गुऱ्हाळकर (कराड):
धागाकर्त्यांनी इंग्रजीला फारच नीटनेटके ठरवले आहे. त्यांच्याच फलकापासून सुरुवात करतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलपर्यंत आवाजाला मुभा आहे. एवढा आवाज चालत असेल तर तो ‘सायलेन्स झोन’ कसला? आपल्याच व्याख्येप्रमाणे तिथे ‘क्वाएट’ हवे होते. इंग्रजीतल्या हद्दी इंग्रजीत कायदे लिहिणाऱ्यांनाही पाळता आलेल्या नाहीत.

एका ठिकाणी मात्र त्यांनी शब्दाला खरोखर माप लावले, हे मान्य करतो. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी 1805 च्या सुमारास वाऱ्याची प्रतवारी लावली. तिच्यात शून्य म्हणजे ‘काम’, आणि जमिनीवर त्याची खूण अशी की धूर सरळ वर जातो. आमच्याकडे हंगामात पहाटे चुलवाणात चिपाड टाकले की धुराड्यातून धूर काठी रोवल्यासारखा उभा राहतो आणि म्हातारे म्हणतात, ‘वारं पडलंय.’ आकडा नसला तरी खूण तीच आहे.

सातारारोड:
‘स्टिल’बद्दल थोडेसे. जे एका जागी स्थिर ते ‘स्टिल’, आणि त्यावरूनच ‘अजूनही’ हा त्याचा दुसरा अर्थ निघाला. अरबीतून आलेल्या आपल्या ‘कायम’चाही मूळ अर्थ उभा असलेला असाच आहे. बाकी चालू द्या.

गावभागातली (सांगली):
‘स्टिल’ ही हवीशी अवस्था आहे, असे इथे सगळ्यांनी धरून का चालावे? 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. आमच्या गल्लीत आलेले पाणी फुगवट्याचे होते. त्याला ओढ नव्हती, लाट नव्हती, आवाजही नव्हता. वीज गेल्यामुळे रात्री तर काहीच ऐकू येत नव्हते. जिन्याच्या सहाव्या पायरीवर कोणाची तरी प्लॅस्टिकची चप्पल तरंगत होती आणि सकाळपर्यंत ती वीतभरही हलली नाही. आजी म्हणाली, ‘पाणी गप हाय, म्हणून भ्या वाटतंया.’

हालचाल नाही आणि आवाजही नाही, हे दोन्ही त्या ‘गप’मध्ये आले. धागाकर्ते, ‘स्टिल’च्या इतका जवळचा शब्द मला तरी कुठे सापडलेला नाही.

कृष्णाकाठ:
ताई, शब्द नेमका आहे, पण माझ्या तळ्याला तो लावता येणार नाही, कारण तिथे कोणी घाबरलेले नाही. काल दुसरा खर्डा केला तो असा: ‘पाणी निश्चल होते, वारा पडला होता, घराला अजून जाग आली नव्हती आणि आकाश निवळले होते.’ घरासाठी विशेषणच काढून टाकले. मास्तरांचे ऋण मान्य. मात्र चार शब्दांसाठी मला चार वेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या, हे माझे गाऱ्हाणे कायम आहे. म्हातारीपुरता ‘शांत’ ठेवला.

घाटावरचा मास्तर:
नेमका तिथेच ठेवायला नको होता. ‘शांत’ हे ‘शम्’ धातूपासून आलेले रूप आहे. जे शमले ते शांत. ज्या स्वभावात कधी काही ढवळलेच नाही, अशी छटा आपणच ‘प्लॅसिड’ची सांगितलीत. जी कधी पेटलीच नाही तिला शमलेली कसे म्हणणार? तिला ‘थंड स्वभावाची’ म्हणावे.

कृष्णाकाठ:
मलाही काल रात्रीपर्यंत तसेच वाटत होते. आज पुढचे पान उघडले. तिचे दोन मुलगे त्याच तळ्यात बुडालेले आहेत. ‘शांत’ तसाच ठेवतो.