बेसबॉलवाला रिंकू सिंग: पिचर म्हणून कसा होता?

भालाफेक_मास्तर: रिंकू सिंग शोधलं की आयपीएलमधला अलिगढचाच येतो. मला हवाय तो भदोहीचा, भालाफेक सोडून अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेलेला. स्पर्धा जिंकली, सिनेमा निघाला, नंतर कुस्तीत गेला, एवढंच सगळीकडे. पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू टाकणारा, म्हणून दम होता, की नुसती जाहिरातबाजी? मी पोरांना भाला शिकवतो, म्हणून विचारतोय.

डावखुरा७: २००८ ची 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धा, भारतात वेगवान चेंडू टाकणारे शोधणारी. त्याचा वेग ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किमी. तो आणि त्याच स्पर्धेतला दिनेश पटेल, दोघांनाही पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने करारबद्ध केलं. जुलै २००९ मध्ये फ्लोरिडात गल्फ कोस्ट लीग या खालच्या पातळीच्या लीगमध्ये पिचर म्हणून रिंकूच्या नावावर विजय लागला. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये भारतीय नागरिकाचा तो पहिलाच.

चार्ल्सटनकर: जाहिरातबाजी म्हणू नका हो, जीव तुटतो. स्पर्धा जाहिरातीसाठी होती, कबूल. पण पुढची चार वर्षं कोण जाहिरातीसाठी बसने गावोगाव हिंडतं?

आम्ही तेव्हा वेस्ट व्हर्जिनियात, चार्ल्सटनला राहायचो. तिथली टीम 'वेस्ट व्हर्जिनिया पॉवर', पायरेट्सची सिंगल-ए, म्हणजे खालच्या पायरीवरची; सर्वात वरची मेजर लीग तिथून बरीच लांब. त्याचं नाव पुकारलं की आमची मुलगी उभी राहायची. २०१२ चा मोसम बघा: ३९ सामने, ७२ डाव (सामन्यात नऊ डाव, तिघे बाद झाले की डाव संपतो), ६५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बाद केलेले), ३ विजय, १ हार, ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, कमी तेवढं चांगलं) ३.००. समोरची पोरं लहानपणापासून हेच खेळत आलेली, आणि ह्याने २००८ च्या आधी बेसबॉल हातातही धरला नव्हता!

त्यात रिलीव्हरचं, म्हणजे बदली पिचरचं काम. आधीचा पिचर मार खायला लागला की बुलपेनमधून (बदली पिचर सराव करतात ती जागा) ह्याला बोलावणं, बरेचदा समोरच्या संघाचे दोघं धाव काढायच्या तयारीत बेसवर आधीच उभे. एकदा बाहेर काढलं की त्या सामन्यात परत पिचिंग नाही. ३९ सामन्यांत ७२ डाव म्हणजे दर वेळी जवळजवळ दोन डाव. एखाद्या फलंदाजापुरता आणून लगेच बसवलेला नाही, भरवशाने टाकू दिलंय.

तुम्ही भालावाले, तुम्हाला कळेल. भाल्याची बरीचशी ताकद धावेत असते. इथे दहा इंच उंचीच्या मातीवर उभं राहायचं, पाय रबरी पट्टीला टेकलेला, आणि साठ फूट सहा इंचावर, फलंदाजापुढच्या प्लेटवर नेम. धाव नाहीच. सगळा जोर पायाच्या रेट्यातून, कमरेतून आणि खांद्यातून.

भालाफेक_मास्तर: मग पुढे अडलं कुठे?

चार्ल्सटनकर: दुखापती. अख्खा २०१३ मैदानाबाहेर, आणि नंतरही परतणं जमलंच नाही. मेजर लीगमध्ये एकही सामना नाही. २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीशी करार. वीर महान म्हणून ओळखतात तो हाच. मला मात्र तो सातव्या डावात चेंडू घेऊन चालत येणाराच आठवतो.

भालाफेक_मास्तर: मनापासून आभार. माझ्याकडे एक डावखुरा पोरगा आहे, उभ्या जागेवरूनही भाला लांब जातो त्याचा. सातारा-कोल्हापूरकडे बेसबॉल शिकवणारं कुणी माहीत असेल तर सांगा, मी स्वतः घेऊन येतो त्याला.