रुस्तुमाने मारला तो देव की दैत्य?

बोरूबहाद्दर : ‘शाहनामा’ या फिर्दौसीच्या फारसी महाकाव्यातील चित्रांवरच्या एका व्याख्यानासाठी चित्रांखालच्या ओळी मराठीत लिहून देताना मी पहिल्याच ओळीत अडकलो आहे. माझंदरान नावाच्या मुलखातील काळ्याकुट्ट गुहेत काव्याचा वीर रुस्तुम एका पांढऱ्या, धिप्पाड जीवाच्या देहात खंजीर खुपसतो आहे, त्या जीवाचा एक पाय आधीच तुटून पडला आहे आणि वाटाड्या औलाद बाहेर झाडाला बांधलेला आहे. मूळ नाव ‘दीव-ए सपीद’ असल्याने मी ‘रुस्तुम पांढऱ्या देवाला मारतो’ असे लिहिले, तर देवाला कोण कसे मारील, असे विचारत आयोजकांनी ओळ परत पाठवली.

दौत : ‘दैत्य’ लिहा आणि मोकळे व्हा.

पोथीनिष्ठ : दैत्य ही दितीची मुले आणि दानव ही दनूची, माझंदरानचा जीव कश्यपाच्या घरी दत्तक कशाला द्यायचा? अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातला ‘दएव’ हा आपल्या ‘देव’ शब्दाचा सख्खा भाऊ, फक्त तिकडे तो त्याज्य ठरला आणि आपल्या ‘असुर’ शब्दाचा भाऊ ‘अहुर’ पूज्य झाला. फिर्दौसीने १०१० साली ग्रंथ पुरा केला तेव्हा फारसीतही उच्चार ‘देव’ असाच होता, ताजिकीत तो आजही तसाच आहे. ‘दीव’ लिहिलेत तर वाचक दमणच्या जोडीचे बेट शोधू लागतील.

तळकोकणी : आमची आजी तिन्हीसांजेला ‘देवचारा’चे, म्हणजे भुताचे, नाव घेऊ देत नसे, आणि रानात चुकलेल्याला वाट दाखवतो तोही देवचारच, असेही तीच सांगे. हा शब्द फारसी ‘देव’ घेऊनच बंदरावर उतरला असणार, असे माझे ठाम मत आहे.

पोथीनिष्ठ : नुसत्या उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती रचू नये, तशाने फारसी ‘अझदहा’ (राक्षसी महासर्प) म्हणजे आपला ‘अजगर’ ठरेल. अजगर हा बोकड गिळणारा, तर अझदहा आला अवेस्तेतील ‘अझि दहाक’ या नावावरून, आणि त्या ‘अझि’चा भाऊ आहे इंद्राने मारलेला ‘अहि’, म्हणजे सर्परूपी वृत्र.

दौत : मग इराणी राजा बहराम गूर अझदहाला मारतो त्या चौदाव्या शतकातल्या प्रसिद्ध शाहनामा-चित्राखाली ‘बहराम गूर अहीला मारतो’ असे लिहावे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना आपले शब्द मिळावेत म्हणूनच ना?

तळकोकणी : तो कोश दरबारी कारभारासाठी होता, आणि आखाड्यातला ‘पहिलवान’ अजून फारसीच आहे, रुस्तुमाला तरी दुसरे काय म्हणणार? शिवाय मंगोल आल्यानंतरच्या इराणी चित्रांतल्या अझदहाला चिनी वळणाचे पाय असतात. पाय असलेल्याला अहि कसे म्हणावे?

पोथीनिष्ठ : वृत्राला पाय नव्हते, ऋग्वेदात त्याला ‘अपाद्’ म्हटले आहे, हे मान्य, पण चिनी चित्रकाराच्या कुंचल्याने शब्दाचे कूळ बदलत नाही.

बोरूबहाद्दर : बहरामाचे चित्र व्याख्यानात नाहीच. मला रुस्तुमाची ओळ उद्या सकाळी द्यायची आहे.

दौत : पण पाय नसलेला वृत्र इंद्राशी लढला कसा?